पोलंडांतील चर्मकारांचे संघ

गेल्या जूनमध्यें प्रवेशपत्रें भरून घेतांना आमच्या वर्गांतील एका हुशार विद्यार्थ्यानें 'पालकाचा धंदा' या शब्दांपुढील जागा कोरीच ठेविली. कारण विचारतां तो मान खालीं घालून उभा राहिला. त्याचे वडील जोडे शिवितात, आणि उत्तम शिवितात, हें आम्हांस ठाऊक होतें. ती कोरी जागा आमच्या मनांतून जाईना. म्हणून ज्या देशांत या धंद्यास राजमान्य सनदा मिळाल्या व ज्याच्या राजधानींत एका जोडे शिवणाराचा पुतळा उभा आहे, त्या देशाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

तो देश पोलंड. हें नांव महाराष्ट्रास अगदींच परकें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत घरादारास मुकलेले सुमारें पांच हजार पोल लोक १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथील वसाहतींत राहिले होते.

पोलंडांतील क्राकूव शहरास १२५७ सालीं नगरशासनाची सनद मिळाली. पुढें तेथें प्रत्येक धंद्याचा स्वतंत्र संघ उभा राहिला. आपल्या प्राचीन श्रेणींसारखी ही संस्था होय. पोल भाषेंत तिला 'त्सेख' म्हणतात. चामड्याच्या कामांतहि कातडें कमावणारे, जोडे शिवणारे, खोगिरें करणारे व लोकरी कातड्यांचे अंगरखे करणारे असे निरनिराळे कारागीर होते. कातडें चुन्याच्या पाण्यांत भिजवून त्यावरील केंस काढावयाचे व मग ओक वृक्षाच्या कुटलेल्या सालीबरोबर तें हौदांत महिनेच्या महिने मुरवावयाचें, अशी कमावण्याची रीत होती. आपल्याकडे बाभळीची साल व हिरडा जें काम करितात, तेंच तेथें ओकची साल करी.

संघांत शिरणें सोपें नव्हतें. मुलगा प्रथम कित्येक वर्षें उस्तादाच्या घरीं राहून उमेदवारी करी. नंतर तो 'चेलाद्निक' म्हणजे पगारी कारागीर होई, व गांवोगांव फिरून निरनिराळ्या कारखान्यांत हात तयार करी. शेवटीं संघाच्या वडीलधाऱ्यांसमोर आपल्या हातची उत्कृष्ट वस्तु करून दाखविली म्हणजे त्यास 'मिस्त्श' ही पदवी मिळे. आपला 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पण तो व हा 'मिस्त्श' एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत!

संघाची एक पेटी असे. तींत सनदा, हिशेब व वर्गणीचा पैसा ठेवीत. त्यांतून आजारी सभासदास साहाय्य होई व मृताची उत्तरक्रिया होई. जोडे शिवणारे संत क्रिस्पिन व क्रिस्पिनियन यांस आपले पालक मानीत व २५ ऑक्टोबर रोजीं त्यांचा सण पाळीत. नगररक्षणाचा भारहि संघांवर असे. क्राकूवच्या तटाचे बुरूज व दरवाजे त्यांजकडे वांटून दिलेले होते. १५०५ सालीं नगरलेखक बाल्थासार बेहेम यानें संघांच्या सनदा व नियम एका ग्रंथांत एकत्र केले. त्यांतील सुंदर रंगीत चित्रांत जोडे शिवणाराचें दुकानहि आहे. हा ग्रंथ क्राकूवच्या यागिएलोन ग्रंथालयांत जपून ठेविला आहे. शहरांतील एका रस्त्याचें नांवच 'जोडे शिवणारांचा रस्ता' असें आहे.

या कारागिरांच्या देशाची कीर्ति दूरवर गेली होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत लांब टोंकाच्या जोड्यांचें वेड पसरलें, तेव्हां इंग्लंडांत त्यांस क्राकूवच्या नांवावरून 'क्राको' म्हणूं लागले. टोंकें इतकीं वाढलीं कीं, १४६३ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटास कायदा करून सामान्य लोकांसाठीं दोन इंचांची मर्यादा घालावी लागली!

परंतु या चित्राची काळी बाजूहि सांगितली पाहिजे. कातडें कमावणारांस दुर्गंधीमुळें व पाण्याच्या सोयीसाठीं तटाबाहेर वस्ती करावी लागे. संघाबाहेरच्या कारागिरास 'पार्ताच' म्हणून हिणवीत व त्याचा माल जप्त करीत. आज त्या शब्दाचा अर्थ 'काम बिघडविणारा' असा झाला आहे. ख्रिस्ती संघांची दारें यहुदी कारागिरांस बंद असत, म्हणून त्यांस आपले निराळे संघ काढावे लागले. ज्यांनीं स्वतःच्या श्रमास मान मिळविला, त्यांनीं दुसऱ्याच्या श्रमास तो नाकारावा, हें दुःखद नव्हे काय?

आतां त्या पुतळ्याविषयीं. यान किलिन्स्की हा १७६० सालीं त्शेमेश्नो गांवीं जन्मला. वॉर्सांत येऊन तो जोडे शिवण्यांत मिस्त्श झाला, व त्याचे सौजन्य व कसब पाहून नागरिकांनीं त्यास नगरसभेवर निवडून दिलें. १७९४ सालीं कोश्चुश्कोच्या नेतृत्वाखालीं पोल लोकांनीं रशियाविरुद्ध शस्त्र उचललें. १७ व १८ एप्रिल रोजीं वॉर्सांतील सामान्य कारागिरांस बरोबर घेऊन लढणारांत किलिन्स्की अग्रभागीं होता, आणि रशियाच्या फौजेस शहर सोडावें लागलें. कोश्चुश्कोनें त्यास कर्नल केलें. उठाव फसला, किलिन्स्कीस पीटर्सबर्गच्या किल्ल्यांत बंदिवास घडला. १७९६ सालीं त्याची सुटका झाली. त्यानें आपल्या आठवणीहि लिहून ठेविल्या. तो १८१९ सालीं वारला.

१९३६ सालीं वॉर्सांत त्याचा पुतळा उभारला गेला. १९४२ सालीं जर्मनांनीं तो काढून राष्ट्रीय संग्रहालयांत दडविला. तेव्हां बालवीर चळवळींतील तरुणांनीं रातोरात संग्रहालयाच्या भिंतीवर किलिन्स्कीच्याच नांवानें लिहिलें कीं, वॉर्साच्या लोकांनो, मी येथें आहें. युद्धानंतर तो पुतळा पुन्हां उभा राहिला, व आज तो जुन्या शहराच्या तटालगत पोद्वाले रस्त्यावर आहे.

यंत्रांनीं संघांचें जुनें वैभव नेलें; तरी पोलंडांत आजहि परीक्षा देऊन चेलाद्निक व मिस्त्श या पदव्या मिळवितां येतात.

विद्यार्थिमित्रांनो, किलिन्स्की कर्नल झाला तरी आपण जोडे शिवणारा आहों हें त्यानें लपविलें नाहीं. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, आपल्या हातांतील आरी व रापी मुलांपासून दूर ठेवूं नका. तें काम कसें करावयाचें हें त्यांस एकदां शेजारीं बसवून दाखवा. मूल पुढें वकील होवो कीं डॉक्टर होवो, बापाचें कसब डोळ्यांनीं पाहिलेला मुलगा ती जागा कोरी ठेवणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.