गल्ल्याची शेपटी कापली!

मोठ्या दुकानात बिल करताना टीं-टीं वाजणारं यंत्र तुम्ही पाहिलंच असेल. त्याला म्हणतात कॅश रजिस्टर. आपल्या वाण्याच्या गल्ल्याचा हा शिकलेला भाऊ! आज घरोघरी पोचलेल्या वाय-फायच्या जन्मात या गल्ल्याचा मोठा वाटा आहे, हे सांगितलं तर खरं वाटेल?

त्याचं असं झालं. १९८०नंतरच्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांमधली रजिस्टरं वायरींनी दुकानाच्या मुख्य कॉम्प्युटरला जोडलेली असत. वस्तूची किंमत काय, दिवसभरात विक्री किती झाली, सगळा हिशेब त्या वायरीतून जायचा. सोय मोठीच. पण सणासुदीला गर्दी वाढली, दुकानाची मांडणी बदलायची ठरली, की मालकाच्या पोटात गोळा! टेबल काय, दोघं मिळून उचलून ठेवतील हो. पण त्याची शेपटी कशी हलवायची? त्यासाठी पुन्हा नवी वायर ओढा, पुन्हा खर्च करा.

अशी यंत्रं बनवणारी एनसीआर नावाची जुनी अमेरिकन कंपनी होती. तिनं विचार केला, शेपटीच कापली तर? रजिस्टर रेडिओलहरींवर बोलू लागलं, की ते हवं तिथं ठेवता येईल.

पण रेडिओलहरी वापरायला सरकारी परवाना लागतो. ही अडचण १९८५ साली दूर झाली. अमेरिकन सरकारनं लहरींचे तीन पट्टे विनापरवाना खुले केले. त्यातल्याच एका पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन चालतात, त्यामुळे तिथे खरखर फार. अट अशी, की आवाज हळू ठेवायचा आणि संदेश पट्टाभर पसरून पाठवायचा. समजा, तुम्ही एका चिठ्ठीवर निरोप धाडलात आणि ती भिजली, तर निरोप गेला. पण तोच निरोप दहा चिठ्ठ्यांवर लिहिला तर? दोन-तीन भिजल्या म्हणून काही बिघडत नाही. तसंच हे!

एनसीआरच्या नेदरलँड्समधल्या इंजिनिअरांनी हे काम हाती घेतलं आणि १९९० साली ‘वेव्हलॅन’ बाजारात आलं. वेग होता सेकंदाला वीस लाख बिट्स. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलायची, तर भाषा एकच हवी. त्यासाठी समिती बसली. अध्यक्ष होते एनसीआरचेच व्हिक हेस. सगळ्यांचं एकमत व्हायला १९९७ साल उजाडलं! ‘वाय-फाय’ हे सुटसुटीत नाव आलं त्यानंतर, १९९९ साली.

फायदा एकट्या दुकानदाराचा झाला नाही. गोदामातला माणूस हातातलं छोटं यंत्र खोक्यावर धरतो आणि मालाची नोंद तिथल्या तिथे होते. वहीत लिहा, मग ऑफिसात जाऊन टाइप करा, ही दुहेरी मेहनत वाचली. हॉटेलात वेटरच्या हातातून ऑर्डर थेट स्वयंपाकघरात जाऊ लागली. जुन्या दगडी इमारतीत तर भिंत फोडायचंच टळलं.

पण भिंत लहरींना पुरती अडवत नाही, ही गोष्ट धंद्याला महागही पडू शकते. दुकानाचा हिशेब रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरनं पकडला तर? म्हणून संदेशाला सांकेतिक भाषेचं कुलूप लावतात. ‘वेप’ नावाचं पहिलं कुलूप कसं उघडतं, ते २००१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, आणि घाईघाईनं त्याहून पक्कं कुलूप शोधावं लागलं.

आपल्या देशात वाय-फायचा मुख्य पट्टा २००५ साली विनापरवाना खुला झाला. आता पुढच्या वेळी दुकानात गेलात, की बिलाच्या टेबलाखाली जरा वाकून पाहा. तिथे अजून वायर दिसली, तर मालकाला हसू नका हं! जे यंत्र जागचं हलणारच नाही, त्याला वायरच जास्त भरवशाची.