जुन्या गाडीचे वय कसे मोजायचे?

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. समजा, तेथील एक तरुण दोन वर्षांपूर्वी घरच्या छोट्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकला. आता नोकरीसाठी त्याला रोज यवतमाळला जा-ये करायची आहे. नवी गाडी परवडत नाही. पण दहा-बारा वर्षे वापरलेली, मागे डिकी असलेली एक सेडान अडीच-तीन लाखांत मिळते आहे. ती घ्यावी का? गावात असा प्रश्न हमखास शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे येतो. ‘‘सर, तुम्ही सायन्सचे, तुम्हीच पाहून सांगा.’’

उत्तर देताना दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. एक म्हणजे घरची बचत, आणि दुसरी म्हणजे चालवणाऱ्याचा जीव. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. तेव्हा ‘रंग छान आहे, एसी गार करतो’ एवढ्यावर निर्णय घेणे बरे नाही. सुदैवाने शालेय विज्ञानाच्या आधारे बरेच काही तपासता येते.

तीन घड्याळे

गाडीचे वय एकाच आकड्याने कळत नाही. तिच्यात तीन घड्याळे चालू असतात. पहिले किलोमीटरचे. पिस्टन, क्लच प्लेट, बेअरिंग, ब्रेक पॅड हे भाग घर्षणाने झिजतात. दुसरे दिनदर्शिकेचे. रबर, तेले, बॅटरी ही गाडी उभी असली तरी म्हातारी होतात. तिसरे उष्णतेचे, आणि विदर्भात ते जरा जास्तच जोरात पळते.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंगचे चाक चकाकते आहे, चालकाची गादी एका बाजूला बसली आहे आणि मीटर मात्र चाळीस हजार दाखवतो, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांवर त्या त्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. ते तारखेप्रमाणे मांडून आलेख काढला, तर रेषा चढतीच हवी.

ऊन आणि रबर

तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग अंदाजे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम आपण शिकवतो. रबराचे म्हातारे होणे हीदेखील रासायनिक क्रियाच आहे. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या लांब रेणूंवर हल्ला करतात. रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. मे महिन्यात सावलीतले तापमान ४२-४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर शेडमध्ये राहणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होते.

म्हणून बॉनेट उघडून पाण्याचे होज पाइप बोटांनी दाबून पाहावेत. (इंजिन थंड असतानाच!) ते लवचीक लागले पाहिजेत, कुरकुरीत किंवा चिकट नकोत. काही इंजिनांत टायमिंगसाठी साखळी असते, तर काहींत रबरी पट्टा. पट्टा असेल तर तो केव्हा बदलला हे विचारावे. चालू गाडीत तो तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

टायरचे वय तर त्याच्यावरच छापलेले असते. बाजूच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे शोधा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी टायर जुना असू शकतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी बदल, असा सल्ला टायर बनवणाऱ्या कंपन्या देतात. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उंचीचे. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायलाच हवा. टायर एकाच कडेने झिजला असेल, तर चाकांचा कोन बिघडला आहे किंवा गाडी कुठेतरी जोरात आदळली आहे.

थांबायला किती रस्ता लागतो?

गाडी पळते कशी यापेक्षा थांबते कशी, हे आधी पाहावे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून वेग ८० केला, तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पण ऊर्जा जवळजवळ १.८ पट होते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.७ मानला, तर ६० च्या वेगाला थांबण्याचे एकूण अंतर सुमारे ३७ मीटर येते आणि ८० ला सुमारे ५८ मीटर. आता पाऊस आणि गोटा झालेले टायर म्हणून घर्षणांक निम्मा करा. ८० च्या वेगाला हेच अंतर ९० मीटरच्या पुढे जाते. नवशिक्या चालकाला तो एक सेकंदही बहुधा पुरत नाही.

ब्रेकच्या दोन चाचण्या उभ्या गाडीतच होतात. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. इंजिनातील (डिझेल गाडीत वेगळ्या पंपाच्या) निर्वातामुळे ब्रेकला मिळणारी मदत चालू असल्याची ती खूण. नंतर मिनिटभर पेडल तसेच दाबून ठेवा. ते हळूहळू खाली बसत गेले, तर तेल कुठेतरी गळते आहे.

ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषते. डॉट-४ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर असे तेल उकळते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल मऊ लागते आणि गाडी थांबत नाही. म्हणून जुनी गाडी घेतली की हे तेल पहिल्या आठवड्यातच बदलावे.

वर्षापेक्षा श्रेणी पाहा

भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकासाठी एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठीची एअरबॅग २०२१ च्या अखेरीस सर्व मोटारींत आली. त्यापूर्वी एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन सेडानपैकी महागड्या श्रेणीत या सोयी असत आणि स्वस्त श्रेणीत नसत. तेव्हा २०१५ ची साधी गाडी आणि २०१३ ची एअरबॅग-एबीएस असलेली गाडी यांत निवड करायची असेल, तर बाकी सारखे असताना तरुण चालकासाठी मी दुसरी निवडीन. एबीएस चाकांना पूर्ण जाम होऊ देत नाही. घसरणाऱ्या चाकाने दिशा बदलता येत नाही. फिरणाऱ्या चाकाने येते.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागला नाही तर अधिक संशय घ्यावा; बिघाड लपवण्यासाठी दिवाच काढलेला असू शकतो.

येथे एक इशारा. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये वायू तयार करण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले जाई. अनेक वर्षांची दमट हवा आणि तापमानातील रोजचे चढउतार यांमुळे त्याच्या वड्या खराब होतात. मग ते फार वेगाने जळते, धातूचे कवच फुटते आणि तुकडे चालकाच्या अंगावर येतात. जगभरात असे सुमारे दहा कोटी संच परत मागवावे लागले. भारतातही होंडाच्या सिटी, सिव्हिक, अकॉर्ड अशा जुन्या गाड्या त्यासाठी बोलावल्या गेल्या. कोणत्याही कंपनीची जुनी गाडी असो, चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असे काम बाकी आहे का ते विचारावे. दुरुस्ती मोफत होते.

धूर आणि अंग

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका असे सांगावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. थंडीत सुरुवातीला दिसणारी वाफ मात्र निरुपद्रवी असते.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे आपल्याकडचे रस्ते खचतात, आणि जमिनीपासून कमी उंची असलेल्या सेडानचे सस्पेन्शन मार खाते. खड्ड्यातून हळू जाताना येणारा खडखडाट कान देऊन ऐकावा. गाडी किनारपट्टीवरून आली असेल, तर खालून गंज पाहावा. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. मॅटखालचा गाळ, गादीच्या रुळावरचा गंज आणि कुबट वास त्यांचे गुपित फोडतात.

कागद आणि हिशेब

आर.सी.वरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षर न अक्षर जुळवावेत. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. यवतमाळचे पासिंग एमएच २९ आहे. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातील असेल तर तेथील दंड, कर थकलेले नाहीत हे पाहावे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणजे नाव बदलून घेणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. बारा वर्षांची गाडी घेतली, तर तीन वर्षांत तपासणी, फी आणि पर्यावरण कर समोर येतील.

खर्चाचा अंदाज घेऊ. वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला १५ चे ॲव्हरेज आणि १०५ रुपयांचे पेट्रोल धरले, तर इंधनालाच सुमारे ७०,००० रुपये लागतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. दर लिटरमागे त्यात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी ऊर्जा मिळते, आणि जुन्या रबरी इंधननळ्यांवरही लक्ष ठेवावे लागते. टायर, बॅटरी आणि तेले यांसाठी किमतीच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करावा. तेवढे उरत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही.

वर्गात काय करता येईल?

आठवी-नववीच्या मुलांना शाळेच्या आवारातील वाहनांच्या टायरचे वय वाचून नोंदवायला सांगा. मैदानावर ३७, ५८ आणि ९० मीटरवर खुणा करून त्या अंतरांवर मुले उभी करा. सूत्रातला वर्ग म्हणजे काय, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. आणखी दोन-चार वर्षांत यांतलीच काही मुले दुचाकी आणि मोटारी हातात घेणार आहेत. आणि बोरी अरबच्या त्या तरुणाला सांगा : ब्रेक, टायर, सीटबेल्ट आणि एअरबॅगचा दिवा यांपैकी काहीही नापास झाले, तर ते दुरुस्त करून त्याची खात्री पटेपर्यंत पैसे देऊ नकोस. रंगावरचे ओरखडे चालतील.