साहेब बदलला, पुढे काय?

रेनोच्या भारतातील कारभाराची सूत्रे सप्टेंबर २०२५ मध्ये स्तेफान डब्लेझ यांच्याकडे आली. त्याआधी जुलैत खुद्द फ्रान्समध्येच लुका दे मेओ जाऊन फ्रान्स्वा प्रोव्हो आले होते. साहेब बदलला की धोरण बदलते, हे बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. आमच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. कर्जाचा अर्ज समोर आला की मी विचारी, ही कंपनी किती वर्षे माल उचलणार? उत्तर ठरलेले : "ते त्यांच्या सायबालाच ठावं!"

महाराष्ट्रातला फ्रेंचांचा इतिहास फारसा धीर देणारा नाही. प्यूजोने १९९४ साली प्रीमियरशी भागी केली आणि कल्याणला '३०९' काढली. युरोपात जिचे उत्पादन आधीच थांबले होते ती गाडी! (थाट मात्र नव्या नवरीचा.) त्यात कामगारांचा संप, भागीदाराने फियाटशीही मांडलेला संसार. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. रेनोने २००७ मध्ये महिंद्राबरोबर नाशिकहून लोगन आणली, २०१० मध्ये भागी मोडली. गंमत अशी, की तीच गाडी महिंद्राने पुढे 'व्हेरिटो' म्हणून चालवली.

आता चेन्नईजवळच्या कारखान्यातला निस्सानचा ५१ टक्के हिस्सा २०२५ मध्ये रेनोने घेतला आहे. भागीदाराचे निमित्त उरलेले नाही. २०१२ च्या डस्टरने आणि २०१५ च्या क्विडने गिऱ्हाईक मिळवले, पण पुढच्या गाडीसाठी त्याला फार ताटकळत ठेवले. डब्लेझ यांच्या टेबलावरची पहिली फाईल तीच असावी.