आपल्या पोलिसात लंडन किती, आयर्लंड किती?

द्रोणागिरीत राहायला आलेल्या माणसाला सरकारी नकाशाची एक गंमत हळूहळू कळते. तालुका उरण, जिल्हा रायगड, त्यामुळे जिल्हाधिकारी अलिबागला. भूखंडाचं काम असेल तर सिडको. पण घरात चोरी झाली, तर रायगडच्या पोलीस अधीक्षकांशी आपला काही संबंध नाही! इथली ठाणी येतात नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली, आणि आयुक्त बसतात सीबीडी बेलापूरला. हे आयुक्तालय १९९४ साली झालं.

हा फरक नुसत्या पाटीचा नाही. करंज्याहून लाँचनं खाडी ओलांडून रेवसला उतरलं, की जमावबंदीचा हुकूम काढणार जिल्हाधिकारी, म्हणजे पोलीस खात्याबाहेरचा माणूस. खाडीच्या अलीकडे मात्र तोच हुकूम पोलीस आयुक्त स्वतःच्या सहीनं काढतात. बंदी घालणारा आणि ती पाळायला लावणारा, दोघंही एकाच खात्यातले. पोलीस आयुक्त हे पद मूळचं लंडनचं. तिथून ते मुंबईत आलं आणि १८६४ साली फ्रँक सौटर शहराचे पहिले पोलीस आयुक्त झाले. पण आजही लंडनच्या आयुक्ताला एखाद्या मोर्चावर सरसकट बंदी घालायची असेल, तर १९८६च्या कायद्यानुसार आधी गृहमंत्र्यांची संमती घ्यावी लागते. मग वाटेत या पदाला इतका जोर कुठून आला?

त्यासाठी रॉबर्ट पील या एकाच माणसाची दोन कामं शेजारी ठेवून बघावी लागतात.

पीलनं १८२९ साली लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन पोलीस उभं केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. लंडनकरांना तेव्हा धास्ती होती, की हे म्हणजे वेश बदललेलं लष्करच. म्हणून पोलिसाचा कोट लाल नाही, निळा ठेवला. डोक्यावर चारचौघांसारखी उंच टोपी, हातात लाकडी दंडुका, मदतीला बोलवायला लाकडी खुळखुळा. बंदूक नाही. पहिले आयुक्त दोन: चार्ल्स रोवन हा सैनिक आणि रिचर्ड मेन हा वकील. शिपायांना दिलेल्या सूचनांत पहिलं उद्दिष्ट लिहिलं होतं, गुन्हा होऊ न देणं.

पण त्याआधी, १८१२ ते १८१८, हाच पील आयर्लंडच्या कारभाराचा मुख्य सचिव होता. तिथे त्यानं १८१४ साली वेगळंच दल काढलं. हत्यारबंद, अशांत भागात पाठवायचं, आणि त्याचा खर्च त्याच भागातल्या लोकांकडून वसूल करायचा! पुढे १८३६ साली आयरिश कॉन्स्टेब्युलरी आली: खांद्याला कार्बाइन, राहायला बराक, शिपायाची नेमणूक त्याच्या स्वतःच्या परगण्यात करायची नाही. लोकांत मिसळणारा पोलीस लंडनसाठी आणि लोकांवर नजर ठेवणारा आयर्लंडसाठी, दोन्हींची सुरुवात एकाच माणसाची.

हिंदुस्थानात यातला कुठला आला, हे सांगायला नको. चार्ल्स नेपियरनं १८४३ साली सिंध जिंकला आणि आयरिश नमुन्यावर तिथे पोलीस बसवले. तो साचा मुंबई इलाख्याला आवडला. १८५३ पासून जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस सुपरिंटेंडेंट आले, आणि पुढे १८६१चा पोलीस कायदा आला. दंगा झालेल्या गावावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च गावाच्याच माथी मारायची आयरिश युक्तीसुद्धा त्या कायद्यात जशीच्या तशी आहे. म्हणजे शहराला नाव मिळालं लंडनचं आणि जिल्ह्याला शिस्त मिळाली आयर्लंडची. स्वातंत्र्यानंतर १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यानं शहर आणि जिल्हा या दोन्ही व्यवस्था एकाच कायद्यात आणल्या. तोच आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम.

हा वारसा कसा असतो, ते उरण तालुक्यानं फार जवळून पाहिलंय. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहाला गावंच्या गावं लोटली. आगरी, कोळी, कातकरी असे सगळे होते. पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्या दिवशी सरकारी बाजूचीही माणसं मेली, त्यांत मामलेदार जोशी होते. पुढे देश स्वतंत्र झाला, कुलाब्याचा रायगड झाला. बंदराच्या आणि नव्या शहराच्या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर पुन्हा गोळीबार झाला. पाच माणसं गेली, चिर्ले, धुतुम आणि पागोटे या गावांची. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्याच लढ्यातून आली, आणि द्रोणागिरीतल्या कितीतरी इमारती आज त्या भूखंडांवर उभ्या आहेत. चिरनेरच्या स्मारकावर दर २५ सप्टेंबरला पोलीसच बंदुकीच्या फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात. ज्या खात्याच्या गोळ्यांनी माणसं गेली, त्याच खात्यानं त्यांना शासकीय इतमामानं सलामी द्यायची, असं जगात फार ठिकाणी होत नसेल.

आता या कथेतला सगळ्यात चक्रावणारा भाग. हा पोलीस ज्यांनी घडवला, त्यांचाच त्याच्यावर विश्वास नव्हता! मद्रास इलाख्यात कबुलीसाठी छळ होतो, असं सरकारच्याच चौकशी आयोगानं १८५५ साली नोंदवलं. त्यानंतर १८६१ साली कायद्यात एक वाक्य आलं आणि १८७२च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ म्हणून बसलं: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ आहे. इंग्लंडमध्ये मात्र पोलिसापुढची कबुली चालते. ती जबरदस्तीनं घेतलेली नसावी आणि मुलाखतीची ध्वनिमुद्रित नोंद असावी, एवढ्या अटी. महाराष्ट्रानंही १९९९ साली मकोकात अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरायचं ठरवलं, पण तो अपवाद संघटित गुन्हेगारीपुरता.

या एका अविश्वासातून आपल्या तपासाची सगळी रीत घडली. आरोपीनं ‘मी मारलं’ म्हणून भागत नाही; कोयता कुठे टाकला ते त्यानं दाखवायचं, तो निघाला तर तेवढाच भाग पुराव्यात येतो. आणि तो निघताना बघायला हवेत पंच, शक्यतो त्याच वस्तीतली प्रतिष्ठित माणसं. रात्री-अपरात्री टपरीवाल्याला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘जरा सही करायला या’ म्हणून बोलावतात, त्यामागे हा दीडशे वर्षांचा संशय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनं त्यात भर घातली: झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायलाच हवं. पंच घाबरून फिरले, तरी चित्रण फिरत नाही.

इकडे हे, तर ज्यांना लोकांच्या संमतीचा पोलीस मिळाला, त्यांचं तरी सुखानं चाललंय का? आज ब्रिटनमध्ये पोलिसांवर जेवढा वाद चालतो, तेवढा क्वचितच कुठे चालत असेल. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाचा तपास पोलिसांनी बिघडवला, त्यावर १९९९ साली मॅकफर्सन अहवालानं पोलीस दल संस्था म्हणूनच वर्णद्वेषी असल्याचं म्हटलं. मार्च २०२१ मध्ये लंडनच्या एका नोकरीवरच्या पोलिसानं सारा एव्हरार्ड या तरुणीचं अपहरण करून खून केला. मार्च २०२३ मध्ये लुईझ केसी यांच्या अहवालानं तोच वर्णद्वेषाचा ठपका पुन्हा ठेवला आणि त्यात स्त्रीद्वेष, समलिंगीद्वेष यांची भर घातली. रस्त्यात अडवून झडती घेण्याची वेळ कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त येते, हा वाद वेगळाच. गर्दीतले चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचा साउथ वेल्स पोलिसांनी केलेला वापर २०२० साली अपील न्यायालयानं बेकायदा ठरवला. तरी कॅमेरे वाढतायत आणि वादही. पीलची म्हणून जी नऊ तत्त्वं तिथे सतत सांगितली जातात, ती त्या शब्दांत पीलनं लिहिलेलीच नाहीत. विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकारानं त्यांची मांडणी केली. आणि ब्रिटनच्याच एका कोपऱ्यात, उत्तर आयर्लंडमध्ये, पोलीस आजही कमरेला पिस्तूल लावूनच फिरतात. दोनशे वर्षांनंतरही पीलची ती दुसरी शाखा घरातच आहे.

हे वाद वाचून ‘बघा, त्यांचंही तसंच’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. पोलिसाला स्वतःहून फार थोडं कळतं. बाकीचं त्याला कुणीतरी सांगावं लागतं. लोक सांगायचे थांबले, की गणवेश, गाड्या, कॅमेरे असूनही तो आंधळा होतो. संमती लागते ती यासाठी.

उरणनं हेही पाहिलंय. २२ सप्टेंबर २०१६, उरीचा हल्ला होऊन चारच दिवस झाले होते. काही शाळकरी मुलांनी हत्यारबंद संशयित माणसं पाहिल्याचं सांगितलं. जवळच नौदलाचा शस्त्रसाठा, ओएनजीसीचा प्रकल्प, देशातलं मोठं कंटेनर बंदर. मुलांच्या त्या शब्दावर नौदल, तटरक्षक दल, एनएसजी, एटीएस आणि पोलीस असे सगळे कामाला लागले, मुंबईचा किनारा सतर्क झाला. हाती काही लागलं नाही. तरी ज्या तालुक्यात दोनदा पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, तिथे शाळकरी मुलांचं म्हणणं यंत्रणेनं इतकं खरं मानलं, हे लहान नाही. मच्छीमारांच्या सागर रक्षक दलामागेही हाच विचार आहे: समुद्रावरची अनोळखी होडी गस्तीनौकेच्या आधी कोळ्याला दिसते.

महाराष्ट्रात याची आणखी मोठी परीक्षा भिवंडीत झाली. १९८४च्या दंगलीनं होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या; दोन्ही धर्मांची माणसं आणि बीटचा पोलीस नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

द्रोणागिरीची अडचण निराळी आहे. नवघर, बोकडवीरा, फुंडे, पागोटे या गावांत १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटील असतो, गावातलाच, कोण कुणाचा ते जाणणारा. सेक्टरमधल्या बारा मजली इमारतीला पाटील नाही. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली, त्याच दिवशी अटल सेतू खुला झाला, आणि नवी माणसं येतच आहेत. शेजारी कोण राहतो हे त्यांना ठाऊक नसतं, मग बीटच्या हवालदाराला ते कोण सांगणार?

आणि हवालदार चुकला तर सांगायचं कुणाला? इंग्लंड-वेल्सनं २०१२ साली पोलिसांवर लोकांनी निवडलेला आयुक्त बसवून पाहिला. पहिल्या निवडणुकीला जेमतेम पंधरा टक्के मतदार आले आणि २०२८ मध्ये ते पद रद्द करायचं सरकारनं जाहीर केलंय. आपल्याकडे प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली तक्रार प्राधिकरणाचा आदेश दिला, महाराष्ट्रानं २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही आणि शक्यतो अठरा महिन्यांचं चित्रण, हा २०२० चा न्यायालयाचा आदेश. ठाण्यात आपल्यावर अन्याय झाला असं वाटणाऱ्याला ते चित्रण जपून ठेवण्याची मागणी करता येते. लंडनचा माणूस आज आपल्या पोलिसाला जे प्रश्न खडसावून विचारतो, ते विचारण्याची सोय द्रोणागिरीकरालाही आहे. आपल्याकडे ती वापरायची सवय मात्र अजून लागायचीय.