गुलाबाच्या पानांना गोल काप? फवारणीआधी हे वाचा

कुंडीतल्या गुलाबाची पानं कडेने कंपासने आखल्यासारखी गोल कापलेली दिसली की अनेक जण थेट कीटकनाशक फवारतात. थांबा. अळी इतकं नीटनेटकं कापत नाही. हे काम ‘मेगाकाइली’ या मधमाशीचं. ती पान खात नाही, घर बांधायला नेते.

तिला ना पोळं, ना राणी, ना कामकरी. मादी एकटीच पोकळ बांबू किंवा भिंतीतलं भोक शोधते. पानाचे तुकडे गुंडाळून कप्पा करते, त्यात पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, वर एकच अंडं घालते आणि झाकण लावते. मग पुढचा कप्पा. आत माद्यांची अंडी, दाराकडे सहसा नरांची. कारण नर आधी बाहेर पडतात. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत हा चक्क ‘स्टॅक’!

जगातल्या सुमारे २० हजार मधमाशी प्रजातींपैकी बहुतेक अशाच एकांड्या. कित्येक जमिनीत बिळं करतात, तर आपला काळा भुंगा वाळक्या लाकडात घर कोरतो.

तुरीच्या फुलांचं परागीभवन मेगाकाइली आणि भुंगेही करतात. त्यामुळे बांधावरचं वाळकं लाकूड, बांबू सरसकट जाळू नका. तूर फुलोऱ्यात असताना फवारणी करावीच लागली, तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करा.