समुद्रापलीकडे आपल्या गव्हाची कसोटी

केनियातील न्जोरो येथे एक सरकारी कृषी संशोधन केंद्र आहे. तेथे वर्षातून दोन हंगामांत अनेक देशांचे गहू लहान लहान ओळींत पेरले जातात आणि त्यांवर मुद्दाम तांबेरा आणला जातो. भारतातील गहूही त्यात असतो. येथे एवढी संशोधन केंद्रे असता बियाणे समुद्रापार कशासाठी पाठवावयाचे, असा प्रश्न शेतकऱ्यास पडणे स्वाभाविक आहे.

१९९८ साली युगांडात खोडावरील काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार आढळला. पुढे त्यास ‘यूजी ९९’ हे नाव पडले. राय या धान्यातून गव्हात आणलेला एक प्रतिकारक गुण जगभरच्या कित्येक वाणांचे रक्षण करीत होता. या प्रकारापुढे तो निष्प्रभ ठरला. २००६ साली येमेनमध्ये व २००७ साली इराणमध्ये हा प्रकार दिसून आला. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर किती दूर जातात, हे आपल्याकडे जुनेच ज्ञान आहे. उन्हाळ्यात मैदानातील तांबेरा नष्ट होतो आणि निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून तो दरवर्षी नव्याने उतरतो, असे आग्र्याचे डॉ. मेहता यांनी दाखवून दिले होते.

भारतात हा प्रकार आढळलेला नाही. तेव्हा आपले वाण त्यापुढे टिकतील किंवा नाही, हे येथे पाहावयाचे तर आधी रोगच आणावा लागेल! त्यापेक्षा गहू तेथे पाठविणे शहाणपणाचे. येथील प्रकारांची परीक्षा महाबळेश्वरच्या केंद्रात होतेच.

या कामाची वाटणी अशी झाली: केनियाने जमीन व निरीक्षक दिले, मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय गहू व मका संशोधन संस्थेने नवे संकर केले, आणि २००८ पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने अनेक देशांच्या संस्थांचा मेळ घातला. कीर्ती मिळते ती वाण काढणाऱ्यास; वाफ्यात वाकून प्रत्येक खोडाचा किती भाग रोगाने व्यापला हे लिहिणाऱ्यास क्वचितच. परंतु त्याच्या नोंदीवाचून कोणत्याही देशास आपला वाण निवडता येत नाही.

गव्हाच्या खोडावर व पानाच्या आवरणावर लांबट, तांबूस-तपकिरी फोड दिसले व त्यांवरील साल फाटलेली असली, तर ग्रामसेवकाने शेतकऱ्यासह ते खोड पाहावे. रोगट तुकडे सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालावेत. प्लास्टिकमध्ये ते कुजतात. गाव, वाण व तारीख लिहून नमुना कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. तेथून तो शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राकडे पाठविता येतो. तांबेऱ्याचा प्रकार तेथे ओळखला जातो.