ग्राफिक्स कार्डाशिवायही गेम चालतात

“गेम खेळायचे तर ग्राफिक्स कार्ड लागणारच.” वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत किंवा शेजारच्या वसंत नगरीत कुणी मुलासाठी असेंबल्ड पीसी घ्यायला निघालं की हे वाक्य ऐकू येतंच. दुकानदार म्हणतो, मुलाचे मित्र म्हणतात, यूट्यूबवरचे तर म्हणतातच. मग बाजूला काढलेल्या पैशांतला सर्वांत मोठा वाटा कार्डात जातो. रॅम आणि एसएमपीएस उरल्यासुरल्या पैशांत उरकले जातात. वन बीएचकेच्या ज्या हॉलमध्ये रात्री आजी झोपते, त्याच हॉलच्या कोपऱ्यात पंख्यांची घरघर सुरू होते. त्याबद्दल विचारलं तर तो मुलगाच समजावतो, “काका, गेमिंग पीसी म्हटल्यावर आवाज होणारच.”

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी चूक बऱ्याच अंशी पहिलीतूनच निघते. पीसीमध्ये सर्वांत जास्त वीज खाणारा आणि सर्वांत जास्त तापणारा भाग ग्राफिक्स कार्ड हाच असतो. तो नसला तर उष्णता बाहेर फेकायची मेहनत निम्म्याहून कमी होते.

हा समज आला कुठून, ते समजण्यासारखं आहे. एके काळी तो खरा होता. सायबर कॅफेच्या जमान्यात मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवर नवा गेम लावला की चित्र अडखळायचं, किंवा गेम सुरूच व्हायचा नाही. पण २०११ साली एएमडीने प्रोसेसरच्या चिपमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स बसवायला सुरुवात केली. २०१८मध्ये रायझन ५ २४००जी आला, २०२१मध्ये रायझन ५ ५६००जी आणि २०२४च्या जानेवारीअखेर रायझन ५ ८६००जी. ५६००जीमध्ये ६ कोअर, १२ थ्रेड आणि व्हेगा ग्राफिक्स आहे. कंपनीच्या तपशिलात त्याची मर्यादा ६५ वॉटची दिली आहे आणि कूलर डब्यातच मिळतो. कोटेशन देणाऱ्याला हे सगळं ठाऊक असायला हवं. तरीही २००५ सालचं उत्तर आज ऐकवलं जातं, याची मला चीड येते. कारण त्या उत्तराची किंमत पगारातून हप्ते फेडणारे आईवडील मोजतात.

म्हणून पहिला प्रश्न कार्डाचा नाही, गेमच्या यादीचा विचारावा. मुलाला कागद द्या आणि पुढच्या वर्षभरात खेळायचे गेम लिहायला सांगा. बहुतेक कागदांवर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए फाइव्ह, रॉकेट लीग अशी नावं येतात. व्हॅलोरंट मुळातच साध्या मशीनवर चालावा म्हणून बनवलेला गेम आहे. रायट गेम्सने दिलेल्या किमान गरजांमध्ये इंटेल एचडी ४०००चं नाव आहे, म्हणजे २०१२ सालच्या प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स. ५६००जीवर तो फुल एचडीत सेटिंग खाली ठेवून सेकंदाला शंभराहून जास्त फ्रेम देतो. नेहमीचे मॉनिटर ६० ते १०० हर्ट्झचे असतात, त्याहून जास्त फ्रेम ते दाखवूच शकत नाहीत. जीटीए फाइव्हची २०१५ची आवृत्ती, जी आता ‘लेगसी’ नावाने मिळते, तीही कमी-मध्यम सेटिंगवर व्यवस्थित खेळता येते. काउंटर-स्ट्राइक २ला मात्र सेटिंग बऱ्याच खाली आणाव्या लागतात. आणि कागदावर सायबरपंक २०७७ असेल, किंवा १४४ हर्ट्झच्या मोठ्या मॉनिटरवर सगळं ‘अल्ट्रा’त हवं असेल, तर कार्ड लागतं. तेव्हा ते जरूर घ्यावं, पण मग तो ‘थोडंफार गेमिंग आणि घरचं काम’ या सदरातला पीसी राहत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: “अमुकने कार्डाशिवाय घेतला आणि पस्तावला.” असे लोक आहेत हे मान्य. पण त्यांचं कॅबिनेट उघडून बघा. बहुतेक वेळा आत रॅमची एकच स्टिक सापडते.

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. कार्डावर ती वेगळी असते, इथे मात्र ग्राफिक्स तुमची रॅमच वापरतं. त्यामुळे रॅम किती जीबी आहे याइतकंच ती किती वेगाने माल पुरवते याला महत्त्व येतं. डीडीआर४, ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी पुरवते. तशाच दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या तर ५१.२ जीबी. म्हणजे १६ जीबीची एक स्टिक आणि ८-८च्या दोन स्टिक यांत एकूण रॅम तेवढीच राहते, पण पुरवठ्याचा वेग दुप्पट होतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेममध्ये हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. “आत्ता एक लावू, पुढे वाढवता येईल” हा दुकानातला सल्ला कार्ड असलेल्या पीसीला चालून जाईल. कार्ड नसलेल्या पीसीला तो मारक आहे. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले आहेत, त्यामुळे हा मोह दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही होतो. तरीही दोनच स्टिक मागा. चार स्लॉटचा मदरबोर्ड असेल तर त्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं. शिवाय ३२०० लिहिलेली रॅम बायोसमधलं प्रोफाइल चालू केल्याशिवाय पुष्कळदा २४०० किंवा २६६६वरच धावते. हे काम दोन मिनिटांचं आहे, ते दुकानातच करून घ्यावं.

नावामागच्या अक्षराकडेही नीट लक्ष द्या. रायझन ५ ५६००जीमधला ‘जी’ गेला आणि बिलावर नुसता ५६०० आला, तर त्यात ग्राफिक्सच नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तरी तेच. मग कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच उमटत नाही, आणि तुम्ही घाईघाईने कार्ड विकत घ्यायला जाता. ‘आय-फाइव्ह आहे, म्हणजे गेमला चांगला’ हाही असाच समज. आय३-१२१०० आणि आय५-१२४०० या दोन्हींत ग्राफिक्स एकच आहे, यूएचडी ७३०. ऑफिसच्या कामाला आणि व्हॅलोरंटला ते पुरतं, पण व्हेगाच्या ते बरंच मागे पडतं.

आणि पुढे कधी कार्ड हवंच झालं तर मदरबोर्डवर त्याचा स्लॉट रिकामाच असतो. तो स्लॉट स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. २०२४च्या फेब्रुवारीत आलेलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॉटचं कार्ड आहे, त्याला वेगळी वायरही लागत नाही. याउलट आरटीएक्स ३०६०ची मर्यादा १७० वॉटची. रोज तीन तास गेम धरले तर एकट्या त्या कार्डाचे महिन्याला साधारण १५ युनिट होतात. आपल्याकडे पावसात लाईट जाते म्हणून जो ६०० व्हीएचा यूपीएस घेतला जातो, तो साधारण ३६० वॉट पेलतो. असं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेमच्या ऐन भरात तीनशेच्या घरात जातात. मग बॅटरीवर गेल्या गेल्या यूपीएस बोंबलायला लागतो आणि काम सेव्ह करायलाही वेळ मिळत नाही. कार्ड नसलेला पीसी गेम चालू असताना शंभर वॉटच्या आसपास राहतो.

आता आवाज. “पंखे जितके जास्त तितका आवाज जास्त” हे इतकं सरळ वाटतं की कुणी तपासत नाही. वातानुकूलनाच्या डक्टपासून कारखान्यातल्या ब्लोअरपर्यंत पंख्यांचा जो नियम वापरतात, तो असा: हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण आवाज त्याहून कितीतरी झपाट्याने. फेरे निम्मे केले तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा जोडला तर ३ डेसिबल वाढतात. म्हणजे मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी ७०० फेऱ्यांचे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. जाळी आणि धूळ यांमुळे प्रत्यक्षात फायदा थोडा घटतो, पण दिशा तीच राहते. मोठे आणि हळू फिरणारे पंखे जास्त शांत. त्यामुळे छोटासा डबा घेतला की शांत मिळेल, हेही खरं नाही. त्यातला इवलासा पंखा तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरतो आणि त्याची शिटी कानात बसते.

मग शेजारच्या घरातला तीन पंख्यांचा पीसी एवढा का गरजतो? दोष पंख्यांच्या संख्येत नाही, वायरीत आहे. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारे रंगीत दिव्यांचे पंखे पुष्कळदा मोलेक्स वायरीने थेट एसएमपीएसला जोडलेले असतात. मदरबोर्डचा त्यांच्यावर ताबाच नसतो, त्यामुळे तुम्ही नुसता ईमेल वाचत असलात तरी ते पूर्ण वेगाने फिरतात. चार पिनचे पंखे घ्या, ते मदरबोर्डला जोडा आणि बायोसमध्ये फॅन कर्व्ह लावा. प्रोसेसर ६० अंशांच्या खाली असेपर्यंत पंखा संथच फिरला पाहिजे. ५६००जी ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनलेला आहे, त्याला चाळिशीत ठेवण्याचा अट्टहास म्हणजे विनाकारण आवाज.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूत्रांमध्ये शांत झोपेसाठी खोलीत ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती परिसरातल्या आवाजाची. ज्या घरात अभ्यास, टीव्ही आणि झोप एकाच खोलीत होते, तिथे पीसीचा आवाज हा चैनीचा प्रश्न नाही. म्हणून ‘सायलेंट’ हा डब्यावरचा शब्द वाचून थांबू नका, तपशिलात डेसिबलचा आकडा शोधा.

सुतारकामात कॉम्प्युटर टेबलाला खाली दार लावलेला कप्पा करायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने आवाज दबेल असं वाटतं. पण आतली गरम हवा आतच फिरते आणि पंखे आणखी जोरात धावतात. निदान मागची फळी काढून टाका. शिवाय वसईत एका बाजूला खाडी आणि मिठागरांची दमट हवा, तर दुसऱ्या बाजूला वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींची आणि नव्या बांधकामांची धूळ. ओलसर धूळ कूलरच्या पात्यांमध्ये घट्ट बसते. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारला तरी आवाजात फरक पडतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं.

असेच आणखी काही समज. “उन्हाळ्यात एसी लागेल” हे ६५ वॉटच्या चिपला लागू नाही.

“लिक्विड कूलिंग शांत असतं” हेही नाही. त्यात पंखे असतातच, वर पंपाचा आवाज येतो.

“७५० वॉटचा एसएमपीएस ७५० वॉट वीज खातो”, नाही. लागेल तेवढीच खातो. पण कॅबिनेटबरोबर फुकट येणारा बिननावाचा एसएमपीएस मात्र घेऊच नका. ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्क्याचा ४५० वॉटचा नामांकित एसएमपीएस पुरतो आणि त्याचा पंखाही शांत असतो.

“एसएसडी विंडोजपुरती, बाकी हार्ड डिस्क हवी.” एवढ्या कामाला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी एकटी पुरते. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी डिस्क रात्री स्पष्ट ऐकू येते.

राहिला सेकंडहँडचा मामला. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर गेलं, की कंपन्यांतून आलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर मिळतात. “जुना ऑफिसचा पीसी म्हणजे भंगार” असं म्हणणारे चुकतात. ही यंत्रं मजबूत आणि सहसा शांत असतात. अभ्यासाला, टॅलीला, व्हॅलोरंटला चालतात. पण “आय-सेव्हन आहे, घ्या डोळे झाकून” म्हणणारेही तितकेच चुकतात. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट मिळतात ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा आय-सेव्हन आठव्या पिढीच्या आय-थ्रीपेक्षा कमी काळ साथ देईल. व्हॅलोरंटची ‘व्हॅनगार्ड’ ही फसवणूक रोखणारी प्रणालीही विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी मागते. शिवाय यातल्या बऱ्याच छोट्या मॉडेलांना बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, तेव्हा ‘पुढे मोठं कार्ड टाकू’ हा विचार सोडूनच ती घ्यावीत. दुकानात मशीन चालू करायला सांगा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम.एमएससी’ इंग्रजीत टाइप करा आणि खिडकीत आवृत्ती २.० दिसली तरच पुढे किमतीचं बोला.